सेंतिलियाचा न खणलेला वाळा

आमच्या मॉर्न सिट्रोनच्या डोंगरावर माणसाची ओळख त्याच्या कुदळीवरून व्हायची. वाळा खणणारे आम्ही सगळेच. गवत वर वाढतं, पण किंमत असते ती मुळांना. कोरड्या दिवसांत ती खणायची, झटकायची, पोत्यांत भरून खाली रस्त्याला आणायची. तिथून ट्रक ती लेकाय शहराकडच्या भट्टीत नेतो. भट्टीत त्यांचं तेल निघतं आणि समुद्रापलीकडच्या बायका ते कानामागे लावतात म्हणे. आमच्या हातांना मुळांचा वास बारा महिने असायचा, त्यामुळे तो सुवास आहे हे आम्हाला दुसऱ्यांनी सांगावं लागायचं.

या डोंगरावर देरिलुससारखा खणणारा दुसरा नव्हता. उंच, काटक, आणि कुदळीचा घाव असा की एका दमात सबंध बुंधा उपटून बाजूला पडायचा. तो बायको घेऊन आला ती खालच्या सपाटीवरची. तिचं नाव सेंतिलिया. पहिल्या वर्षी ती आमच्या उतारांवरून बसून, घसरत खाली यायची. तिच्या सगळ्या झग्यांच्या मागच्या बाजू फाटलेल्या. पोरींनी तिचं नाव ‘घसरगुंडी’ ठेवलं. तिनं त्याचा राग कधी धरला नाही. उलट विचारायची, “तुम्ही सगळ्या उभ्यानं पडता, मी बसून पडते. कुणाला कमी लागतं?”

तिच्या थोरल्या मुलीच्या, विद्लेनच्या बाप्तिस्म्याला मी धर्ममाता झाले आणि तेव्हापासून आम्ही एकमेकींना ‘कोमे’ म्हणायला लागलो. देरिलुसही मला तसंच म्हणायचा.

एकदा पावसानंतर आम्ही दोघी ओढ्यावर कपडे धूत होतो. पाणी लाल, दाट, भोपळ्याच्या सूपसारखं. तिनं ओंजळीत घेतलं, बोटांतून गाळलं आणि तळहातावर उरलेला गाळ मला दाखवला.

“ही माती मी लहानपणापासून ओळखते, कोमे,” ती म्हणाली. “आमच्या पाटात येऊन बसायची. दर वर्षी बाबा फावड्यानं उपसायचे आणि वरच्या लोकांना शिव्या द्यायचे. आता मी त्याच वरच्या लोकांत येऊन पडले.”

“मग बाबांना सांग, जपून ठेवा म्हणावं. आम्ही येतो न्यायला,” मी म्हटलं.

ती हसली नाही. तो गाळ तिनं पाण्यात सोडला नाही, काठावर पुसला.

खणणं म्हणजे काय होतं ते सांगते. सगळा उतार कोपरभर खोल उकरून काढायचा. माती पिठासारखी मोकळी होते. मग पाऊस येतो आणि ते पीठ घेऊन जातो. आम्ही पुन्हा रोपं खोचायचो, उरलेल्या जागी ज्वारी पेरायचो, पेरणीआधी धाटं जाळायचो. दर वर्षी शेतात दगड थोडे जास्त दिसायचे. आमचे म्हातारे म्हणायचे, या डोंगरावर दगड वाढतात. सेंतिलिया म्हणायची, दगड आहेत तिथेच आहेत, माती खाली उतरते आहे. म्हातारे म्हणायचे, सपाटीवरच्या बाईला दगडांतलं काय कळणार.

ज्वारीची कणसं बोटाएवढी व्हायला लागली तेव्हा देरिलुस ऊस तोडायला सरहद्दीपलीकडे गेला. एका हंगामासाठी म्हणून गेला आणि दोन वर्षं राहिला. अधूनमधून कुणाच्या तरी हाती निरोप यायचा, कधी कापड यायचं. सेंतिलिया दोन मुलांना घेऊन इथेच राहिली आणि उतार तिच्या ताब्यात आला.

त्या आधीच्या वादळात त्यांच्या शेतात एक नीरफणसाचं झाड आडवं पडलं होतं. खोड तोडून न्यायला माणूस नव्हता म्हणून ते तसंच राहिलं होतं. तिच्या लक्षात आलं की खोडाच्या वरच्या अंगाला माती गुडघाभर साठली आहे. त्या मातीत कुणी न लावता भोपळ्याचा वेल आला होता आणि भोपळा असा धरला होता की दोघींना मिळून उचलावा लागला. आम्ही तो चिरत होतो तेव्हा ती सुरी हातात धरून उताराकडे बघायला लागली.

“काय झालं?” मी विचारलं.

“इतकी खोडं कुठून आणायची, असा विचार करते आहे.”

खोडं मिळणार नव्हती. या डोंगरावरची झाडं केव्हाच कोळसा होऊन गेली. पण त्याच सुमारास शाळेच्या अंगणात शहरातून एक शेतकीवाली बाई आली. तिनं तीन काठ्यांचा एक घोडा बनवून दाखवला. दोन पाय, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला टांगलेला दगड. दोरी आडव्या काठीच्या मधल्या खुणेवर आली की घोड्याचे दोन्ही पाय एका पातळीत. असं करत करत डोंगराच्या कडेनं सरकायचं, खुंट्या ठोकायच्या आणि त्या खुंट्यांवरून गवताची दाट ओळ लावायची. पाणी ओळीशी येऊन थबकतं आणि आणलेली माती तिथेच टाकतं. बहुतेक जण नंतर मिळणाऱ्या भातासाठी आणि हेरिंग माशांसाठी थांबले होते. त्या बाईनं सांगितलं की या कामाला वाळ्यासारखं गवत नाही, त्याची मुळं माणसापेक्षा खोल जातात. फक्त खणायचं नाही.

तेव्हा सगळे हसले. वाळा लावायचा आणि खणायचा नाही, म्हणजे कोंबडी पाळायची आणि अंडं उचलायचं नाही.

सेंतिलियानं मात्र घोडा बांधला. सकाळी मी एक पाय धरायची, ती दुसरा. आम्ही खेकड्यासारख्या आडव्या सरकायचो. वरचा उतार म्हाताऱ्या फिलोजेनचा. त्याला सगळा डोंगर तोन्तोन, म्हणजे काका म्हणायचा. तो दगडावर बसून पाइप ओढत आमची गंमत बघायचा.

“काय गं सपाटीवाले, डोंगराला रेघा मारतेस? वही आहे का ती?”

“हो तोन्तोन. पाऊस लिहायला येणार आहे. सरळ लिहावा म्हणून.”

“आणि माझ्या शेतावर कसा लिहितो तो?”

“तुमच्याकडे तो खोडतो.”

म्हातारा खोकेपर्यंत हसला, आणि संध्याकाळी साऱ्या वस्तीला ते सांगत फिरला. मनातून त्याला ती आवडायची असं मला वाटतं, पण तसं कबूल करणाऱ्यांतला तो नव्हता.

तिनं ओळी लावल्या. ओळींच्या मध्ये तूर टोकली, ज्वारी पेरली. धाटं जाळायची सोडून ती ओळींच्या वरच्या अंगाला आडवी रचली. शेळीची लेंडी, चुलीतली राख, तुरीचा पाला, सगळं ती टोपलीनं तिथे नेऊन टाकायची. पहिल्या वर्षी काहीच दिसलं नाही. फिलोजेनच्या शेळ्या येऊन अर्धी तूर खाऊन गेल्या. तिनं शेळ्या हाकलत वर नेल्या, त्याच्या दारात बांधल्या आणि म्हणाली, “तोन्तोन, यांचं जेवण झालंय. आता यांच्या लेंड्या तेवढ्या माझ्या. एक टोपली द्या.” त्यानं दिली.

दुसऱ्या वर्षी ओळींमागे माती धरायला लागली. फार नाही, घोट्याएवढी. पण त्या पट्ट्यात ज्वारीचं पान वेगळं दिसायचं, गडद. पावसानंतर आमच्या शेतांतून लाल पाणी धावायचं, तेव्हा तिच्या शेतातून खाली येणारं पाणी गढूळ असायचं, पण चालत यायचं.

आणि मग देरिलुस परत आला.

पहाटेच्या बसनं आला आणि बॅग खाली ठेवायच्या आधी शेतात गेला. मी मागोमाग गेले, कारण कॉफी घेऊन जायला सेंतिलियानं मलाच सांगितलं होतं. तो पहिल्या ओळीपाशी उभा होता. वाळा छातीएवढा, दाट, दीड वर्षाहून जुना. खणणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर खाली पोतीच्या पोती भरून मुळं होती. त्याचा चेहरा असा उजळला होता की मलाच वाईट वाटलं.

“बघ कोमे,” तो म्हणाला, “माझ्यासाठी राखून ठेवलाय तिनं.”

घरी आल्यावर सेंतिलियानं त्याला जेवायला वाढलं, त्याचे पाय धुवायला पाणी दिलं आणि मग सांगितलं की तो वाळा खणायचा नाही.

“नाही म्हणजे? अजून कोवळा आहे?”

“नाही म्हणजे कधीच नाही. ती भिंत आहे.”

“भिंत? मी दोन वर्षं दुसऱ्याचा ऊस तोडला, आणि माझ्या घरी मुळं जमिनीत कुजतायत?”

“कुजत नाहीत. धरून ठेवतायत.”

“काय धरून ठेवतायत?”

“तुला आणि मला,” ती म्हणाली.

देरिलुसनं हात कधी उगारला नाही, तसा तो माणूस नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून तो दुसऱ्यांच्या उतारावर रोजानं खणायला जायला लागला. स्वतःच्या शेताच्या कडेनं जायचं टाळायला लांबची पायवाट धरायचा. पुढे पुढे बहिणीकडेच जेवायला लागला, तिथेच झोपायला लागला. लोकांना विषय मिळाला. देरिलुसच्या बायकोनं गवताशी लग्न लावलंय, असं पाणवठ्यावर बोलायचे. सेंतिलिया घागर भरायची, डोक्यावर घ्यायची आणि म्हणायची, “गवत निदान घरी तरी असतं.” पण घरी आल्यावर ती रडायची, ते मी पाहिलं आहे. मला म्हणाली होती, “मी त्याला समजावून सांगू शकत नाही, कोमे. जे दिसायला आणखी तीन वर्षं लागणार आहेत ते मी त्याला आज कुठून दाखवू?”

त्या कोरड्या दिवसांत विद्लेन आजारी पडली. ताप उतरेना, पोट फुगलं, पोर डोळे उघडेना. पाल्याचा काढा झाला, प्रार्थना झाली. मग दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं की हिला शहरातल्या इस्पितळात न्या, उशीर करू नका. शेळी विकून गाडीभाडं झालं. औषधांचं काय करायचं, ते कुणाला सुचेना. आमच्याकडे तरी काय होतं.

सकाळी मी आले तर सेंतिलिया शेतात, सगळ्यात खालच्या ओळीपाशी. हातात देरिलुसची जुनी कुदळ. तिनं कुदळ उचलली आणि घाव घातला. तिला खणता येत नव्हतं. सपाटीवरची बाई, कुदळ डोक्यामागून आणायची, दगडावर आपटायची, बुंधा अर्धवट तुटायचा. ओळीमागची माती ढासळायला लागली. ती बघायची, हातानं माती परत वर ओढायची आणि पुन्हा घाव घालायची. मी तिचा हात धरायला गेले तर म्हणाली, “सोड. पोर आधी.”

देरिलुसला कुणीतरी निरोप दिला असावा. तो लांबच्या पायवाटेनं न येता सरळ शेतातून खाली आला. तिच्या समोर उभा राहिला आणि कुदळीसाठी हात पुढे केला.

“दे. तुला कुदळ धरता येत नाही.”

“शिकवलीस कधी?”

तिनं कुदळ दिली आणि बाजूला होऊन पाठ फिरवली. तिला वाटलं आता सगळी ओळ उलथणार. मलाही तेच वाटलं.

पण त्यानं लगेच घाव घातला नाही. गुडघे टेकून तिनं उकरलेल्या खड्ड्यात हात घातला. मूठभर माती काढली. ती काळसर होती, ओली होती, आणि तिच्यात एक गांडूळ वळवळत होतं. पाऊस पडून कित्येक आठवडे झाले होते. मग त्यानं तुटलेलं एक मूळ धरून हळूच ओढलं. ओढतच राहिला. ते मूळ त्यानं आपल्या हातावर धरून पाहिलं. मनगटापासून खांद्यापर्यंत आलं आणि तरी उरलं. या उतारावर अशी मुळं त्याच्या बापाच्या काळात निघायची. आमची मुळं अलीकडे वीतभर, केसासारखी, निम्मी माती लागलेली. खणणाऱ्या माणसाला याहून जास्त काही सांगावं लागत नाही.

तो उठला, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला.

“एक सोडून एक काढतो,” तो म्हणाला. “खड्डा अरुंद ठेवतो. काढला की लगेच त्याचाच कोंब फाडून परत लावायचा आणि पायानं दाबायचा. पाऊस यायला अवकाश आहे, तोवर धरेल. जे बुंधे राहतील ते माती धरून ठेवतील. चालेल?”

सेंतिलिया वळली. “चालेल की नाही ते तुला कळतं. मला नाही.”

“मला खणायचं कळतं. बाकीचं तू बघ.”

त्या दिवशी मी देरिलुसला खणताना पाहिलं ते वेगळंच होतं. डोंगर उलथणारा तो माणूस दाताच्या वैद्यासारखा काम करत होता. बाजूच्या बुंध्याला धक्का न लागता एकेक काढायचा. सेंतिलिया त्याच्या मागे बसून कोंब फाडायची, लावायची, दाबायची. मी मुळं झटकत होते आणि झटकलेली माती ती माझ्याकडून टोपलीत मागून घेत होती, पाय पुसायच्या फडक्यावर उरलेलीसुद्धा. दुपारपर्यंत पोती भरली. संध्याकाळी तो विद्लेनला पाठीला बांधून खाली रस्त्याला गेला. पोर तीन आठवड्यांनी घरी आली. वाळलेली, केस गळलेली, पण भूक लागलेली. देरिलुस तिला घेऊन आला तो आपल्या घरीच, आणि राहिला.

पुढे तो तसाच खणायचा. दर वर्षी एखादीच ओळ, एक सोडून एक, पाऊस संपल्यावर. पहिल्यांदा लोक त्याला हसले. मग त्याच्या मुळांची पोती भट्टीवाल्यानं हातात घेऊन पाहिली आणि बाकीच्यांच्या पोत्यांकडे पाहून नाक मुरडलं, तेव्हा हसणं कमी झालं.

त्यानंतर काही वर्षांनी ऑक्टोबरात ते मोठं वादळ आलं. त्याबद्दल मी फार बोलत नाही. घरांची छपरं गेली, केळी गेल्या, माणसं गेली. आम्ही चर्चच्या भिंतीला धरून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी बाहेर आलो तर डोंगर सोलून काढल्यासारखा दिसत होता. माझं स्वतःचं शेत ओढ्यात होतं. सेंतिलियाचीही तूर आडवी झाली होती, दोन ओळी मधून फुटल्या होत्या आणि तिथून मोठी घळ पडली होती. पण बाकी ओळी जागेवर होत्या आणि त्यांच्यामागची माती जागेवर होती. तुरीला महिन्याभरात खोडातून पालवी आली. त्या हिवाळ्यात आमच्या सात-आठ घरांनी तिच्या शेतातली रताळी खाल्ली.

सगळ्यात वरची ओळ मात्र दिसेना. फिलोजेनच्या उतारावरची सगळी माती खाली येऊन तिच्यावर बसली होती. वर म्हाताऱ्याच्या शेतात पांढरा खडक उघडा पडला होता, हाडासारखा. चौथ्या दिवशी तो काठी टेकत खाली आला. पाइप हरवला होता, तो नुसताच तोंड हलवत होता.

“ही माती माझी आहे,” तो म्हणाला.

देरिलुस फुटलेली ओळ बुजवत होता. त्यानं बायकोकडे पाहिलं.

“हो, तोन्तोन, तुमचीच,” सेंतिलिया म्हणाली. “न्या. टोपली देऊ?”

ती थट्टा करते आहे असं मला वाटलं, पण तिनं खरंच टोपली आणून दिली. आणि म्हाताऱ्यानं खरंच माती भरली. डोक्यावर घेतली, त्या उतारावरून वर नेली, खडकावर ओतली, आणि पुन्हा आला. काही वेळानं सेंतिलियानंही दुसरी टोपली उचलली आणि त्याच्या मागून गेली. देरिलुस कपाळाला हात लावून बघत राहिला आणि मग तोही गेला. दुपारी म्हातारा अर्ध्या वाटेत टोपली ठेवून तिच्यावरच बसला. तो रडत होता की घाम पुसत होता, ते मला खालून कळलं नाही.

सेंतिलिया त्याच्या शेजारी बसली. नंतर तिनं मला सांगितलं, तो म्हणाला होता, “वर नेली तरी पुढच्या पावसात पुन्हा तुझ्याकडेच येणार ना गं?”

“येणार.”

“मग मी काय करू?”

“आधी ओळ लावू या. मग हळूहळू नेऊ.”

ख्रिसमसच्या आधी त्याच्या उतारावर कोंबित भरला. सगळी वस्ती मिळून एकाचं शेत करते तो. पहाटे कुणीतरी शंख फुंकला, ढोलकी आली, क्लेरें दारूची बाटली फिरली. वाळ्याचे कोंब सगळे सेंतिलियाच्या शेतातले, देरिलुसनं एकेक करून काढलेले. विद्लेन आता उंच झाली होती. घोड्याचा एक पाय तिनं धरला होता, दुसरा माझ्या मुलानं. खडकात खड्डे करायला कुदळी लागल्या आणि कुदळ चालवणारे तर आम्ही सगळेच. दगड उचलून ओळीखाली रचले. खड्ड्यांत टाकायला माती खालून टोपल्यांनी आली, हातोहात, साखळी करून, गाणी म्हणत. फिलोजेनला बसायला खुर्ची आणली होती, पण तो बसला नाही. खुंट्या वाकड्या लागल्यात म्हणून दिवसभर सगळ्यांना शिव्या देत फिरला.

सगळा डोंगर सुधारला असं नाही. पलीकडच्या अंगाला अजून सरसकट खणतात, कारण भूक आजची असते आणि माती धरायला वर्षं लागतात. ते कुणी सेंतिलियाला सांगितलं तर ती वाद घालत नाही. कुणी कोंब मागायला आलं की देते, आणि लावायला बरोबर जाते. गुडघे दुखतात म्हणून अलीकडे पुन्हा बसून उतरते. देरिलुसला खोकला जडलाय, तो आता कमी खणतो आणि तरण्या पोरांना फार बोलतो.

फिलोजेनच्या उतारावर यंदा पहिल्यांदा तूर झाली. फार नव्हती, एका भांड्याची. मागच्या रविवारी त्यानं हिरवे दाणे घालून भात केला, स्वतःच, आणि झाकण ठेवून नातीबरोबर सेंतिलियाकडे पाठवला. मी तिथेच होते. तिनं एक घास घेतला.

“मीठ फार घातलंय म्हाताऱ्यानं,” ती म्हणाली. मग तिनं दोन ताटल्या काढल्या, एक देरिलुसपुढे ठेवली, एक माझ्यापुढे, आणि स्वतः भांड्यातच खायला बसली.